सूर्यास्तापूर्वीची रत्नागिरी



नाताळची सुट्टी जवळ आली, की रत्नागिरीत राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा दूरध्वनी वारंवार वाजू लागतो. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे येथील नातलग व परिचित यांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘समुद्र कुठला चांगला?’ हा पहिला. ‘उतरायचे कुठे?’ हा दुसरा. तिसरा प्रश्न मात्र आवाज किंचित खाली आणून विचारला जातो : ‘आणि आपल्या जेवणाचे काय?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात मिळतात. तिसऱ्याचे मिळत नाही. बँकेतील नोकरीची बरीच वर्षे मी याच जिल्ह्यातील शाखांत काढली आणि निवृत्तीनंतर येथेच घर केले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. ते उत्तर मी स्वतः फार उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काने, मोजली. म्हणून प्रथम ती हकिकत सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण अशाच डिसेंबरात किनाऱ्यावरील एका हॉटेलात उतरलो होतो. अक्काचा चौविहाराचा नेम तेव्हाच तीस वर्षांचा होता. दुपारी मी काउंटरवर सांगितले, ‘नऊ माणसांचे जैन जेवण, सूर्यास्ताच्या आत.’ समोरच्या माणसाने मान डोलावली. पाने मांडली गेली तेव्हा पावणेसहा होत आले होते. आमटीला लसणाचा वास येत होता आणि सुक्या भाजीत बटाटा होता. विचारल्यावर वाढणारा मुलगा निरागसपणे म्हणाला, ‘साहेब, कांदा अजिबात नाही, जैनच आहे. लसूण फक्त फोडणीला.’ दुसरी आमटी होईपर्यंत सूर्य बुडाला. अक्काने हात धुतले आणि म्हणाली, ‘तुम्ही जेवा. मुलं भुकेली आहेत.’ आम्ही जेवलो. मीही जेवलो. ती दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत अन्नपाण्यावाचून राहिली आणि त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही.

मात्र त्यानंतर ती आमच्याबरोबर कोठेही आली नाही. प्रत्येक वेळी ‘गुडघे दुखतात’ हे कारण असे. तेच गुडघे दरवर्षी कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या चढत होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

कित्येक वर्षे मी त्या हॉटेलाला दोष देत राहिलो. पुढे लेखापरीक्षकाच्या नजरेने तो दिवस पुन्हा तपासला, तेव्हा हॉटेलाच्या नावे एक चूक निघाली आणि आमच्या नावे तीन. काय नको ते आम्ही सांगितले नव्हते. किती वाजता हवे ते घड्याळाच्या भाषेत सांगितले नव्हते. आणि तिसरी, जी कोणत्याही हॉटेलावर ढकलता येत नाही : आठांपैकी एकानेही आपले ताट अक्कासाठी बाजूला सारले नव्हते.

गेल्या डिसेंबरात अक्का पुन्हा आली. त्या तीन दिवसांचा हा वृत्तान्त आहे. त्यात पाहण्याची ठिकाणे आहेत आणि खाण्याचीही आहेत. पण दोन्हींची सांगड कशी घालावी, हे सांगणे हा मुख्य हेतू.

दिवसाचे गणित

आपल्या कुटुंबांची सहल हॉटेलच्या वेळापत्रकावर आखू नये, सूर्याच्या वेळापत्रकावर आखावी. डिसेंबरच्या आरंभी रत्नागिरीत सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, सोडली की नवकारशी पावणेआठच्या सुमारास येते. संध्याकाळीही जे दोन घटिका आधी मुख शुद्ध करतात त्यांचे जेवण सव्वापाचच्या आत संपले पाहिजे. हातात राहतात साडेनऊ तास. मेच्या अखेरीस सूर्यास्त सातच्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात तासाभराची सवलत मिळते.

याचा अर्थ असा, की डिसेंबरात संध्याकाळचे पान साडेचारला वाढले गेले पाहिजे. कोकणातील पर्यटकांची खाणावळ रात्री आठनंतर गजबजते. साडेचार ही तिथे भांडी घासण्याची आणि पाठ टेकण्याची वेळ. आपण मागतो ती वेळ समोरच्याच्या विश्रांतीतून कापलेली असते, हे ध्यानात ठेवून मागावे. आणि आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी मागावे.

‘जैन’ हा शब्द पुरेसा नाही

बँकेत पतपत्राचे व्यवहार हाताळताना एक नियम पहिल्याच दिवशी शिकवत : कागदात जे लिहिले आहे तेवढेच पाहायचे, पक्षकारांच्या मनात काय होते ते नाही. जेवणाची मागणीही अशीच करावी. ‘जैन’ या शब्दाचा अर्थ एका हॉटेलात ‘कांदा नाही’ असा असतो, दुसऱ्यात ‘कांदा-लसूण नाही’, तर तिसऱ्यात बटाटाही वगळतात पण आले राहते. आपल्यातही सर्वांचे नियम सारखे नसतात. कोणाला मोड आलेली कडधान्ये चालत नाहीत, कोणी द्विदल पाळते, कोणाची अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी बंद असते. मग परक्या माणसाने एका शब्दावरून हे सारे ओळखावे कसे?

हा धडा मला इंग्लंडमध्ये मिळाला. मुलीकडे लेस्टरला राहिलो होतो. १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले संगमरवरी जैन मंदिर त्याच शहरात आहे, त्यामुळे शहरात काही अडत नव्हते. अडचण आली ती एका रविवारी खेड्याकडे गेलो तेव्हा. तिकडे जुने वाडे, बागा आणि किनारे जपणारी नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था १८९५ पासून काम करते. अशा वाड्याच्या जुन्या तबेल्यात किंवा कोठारात बहुधा एक चहाघर असते. वाडा पाहावा, पायवाटेने फिरावे आणि मग चहा व स्कोन खावा, अशी तिकडच्या कुटुंबांची रविवारची रीत. मी काउंटरवरच्या मुलीला ‘जैन’ म्हणालो. तिला काहीच बोध झाला नाही. मग मुलीने सुचवल्याप्रमाणे ‘अंडे नको, जिलेटिन नको, कांदा-लसूण नको’ असे म्हटले. तिने लगेच एक फाइल काढून समोर ठेवली. प्रत्येक पदार्थात काय काय घातले आहे ते त्यात लिहिलेले होते. अपायकारक ठरू शकणाऱ्या १४ घटकांची माहिती ग्राहकाला देणे तिकडे २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. केकला आम्ही हात लावला नाही. चहा आणि भाजलेले जॅकेट पोटॅटो मात्र मेनूत जागोजागी होते, त्यातला चहा घेतला आणि घरून नेलेला खाखरा बागेतल्या बाकावर बसून खाल्ला. तो दिवस मजेत गेला, कारण कोणी कोणाला फसवले नव्हते.

तेव्हापासून मी नाव सांगत नाही, यादी सांगतो. या वेळी मालगुंडच्या एका घरगुती खाणावळीला आठ दिवस आधी मोबाइलवर यादी पाठवली. नको ते : कांदा, लसूण, बटाटा, आले, गाजर, मुळा, बीट, रताळे, सुरण, वांगे, मध, मोड आलेले धान्य, आदल्या दिवशीचे पीठ. हवे ते : ताजा भात, गाळलेले व उकळून निववलेले पाणी, वेगळे भांडे. वेळ : दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेचार. माणसे : दहा.

दहा मिनिटांत काकूंचा फोन आला. मला वाटले नकार आहे. पण त्यांच्याकडे प्रश्न होते. ‘हळद चालते ना? आणि आले नको तर सुंठ?’ वाळवलेली हळद आणि सुंठ चालते असे मी सांगितले. ‘वालाचं बिरडं करणार होते, पण वालाला मोड आणल्याशिवाय ते सोलता येत नाहीत. तेव्हा वाल राहू द्या.’ आणि शेवटी म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण घरात आणत नसत. नैवेद्याच्या स्वयंपाकात तो आजही नसतो. तुमचं अवघड नाही, फक्त बटाट्याची सवय मोडायला हवी.’

मला हे वाक्य फार मोलाचे वाटले. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आला. त्याआधीही कोकणात लोक जेवत होतेच. त्या जुन्या ताटात आपल्याला चालणारे पुष्कळ आहे.

पहिला दिवस : शहरातील दोन निर्वासित

पहिला दिवस रत्नागिरी शहराचा. सकाळी थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी येथे आणून ठेवले. हा राजवाडा मात्र १९१० मध्ये तयार झाला; तोवर त्याच्या वनवासाची जवळजवळ पाव शतके उलटली होती. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, तो येथेच वारला. त्याची समाधीही याच शहरात आहे. उतरत्या छपरांची ही वास्तू आता संग्रहालय आहे. जवळच्या थिबा पॉइंटवरून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडचा समुद्र एका दृष्टिक्षेपात येतो. राजाला परत नेणारे जहाज मात्र या समुद्रातून कधी आले नाही.

तेथून टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी येथे झाला. ते घर स्मारक म्हणून जपलेले आहे. कौलारू, अंगणाचे, स्वच्छ घर. कोकणी घराची रचना मुलांना दाखवायची असेल तर याहून चांगली जागा नाही. जवळ पतितपावन मंदिर आहे. १९३१ मध्ये दानशूर भागोजीशेठ कीर यांनी ते बांधले. प्रेरणा स्वातंत्र्यवीर सावरकरांची. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींच्या हिंदूंना मुक्त प्रवेश हा या मंदिराचा पाया. व्यापारातून मिळवलेला पैसा कोणत्या कामी लावावा याचे उदाहरण म्हणून भागोजीशेठांचे चरित्र आपल्या तरुणांनी अवश्य वाचावे.

राजा आणि सावरकर, दोघेही इंग्रजांच्या इच्छेने येथे राहिले. एकाने वाट पाहण्यात आयुष्य घालवले, दुसऱ्याने ज्या गावात अडकलो ते गावच बदलायला घेतले. माझ्या नातवाने राजवाड्यातच विचारले, ‘आजोबा, राजाला इथे आवडत नव्हतं का?’ त्याचे उत्तर मला देता आले नाही.

दुपारचे भोजन आमच्या घरी झाले. नंतर रत्नदुर्ग किल्ला आणि तेथील भगवतीचे दर्शन. किल्ल्याकडे जाताना मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर लागते. आमच्या मंडळींतील एकाने नाकाला रुमाल लावला. अक्काने त्याला खुणेनेच तो काढायला लावला. नंतर म्हणाली, ‘आपल्याला चालत नाही ते आपलं. त्यांच्या दारात जाऊन नाक मुरडायचं नाही.’ कोकणात जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने हे मनाशी ठेवावे, असे मला वाटते.

दुसरा दिवस : आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाण्यासाठी किनाऱ्याचा रस्ता घ्यावा. अंतर सुमारे २५ किलोमीटर. वाटेत आरे-वारेचे जोडकिनारे येतात. रस्ता टेकडीवरून वळतो आणि एका बाजूला सुरूची झाडे, पांढरी वाळू आणि निळे पाणी अचानक समोर येते. येथे थांबावे, पण पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. हा किनारा उतरता आहे आणि लाटांचा ओढ फसवा आहे. गणपतीपुळ्यालाही जीवरक्षक सांगतील त्या मर्यादेतच राहावे. घाटावरच्या माणसाला समुद्र कळत नाही.

गणपतीपुळ्याचे मंदिर पश्चिमाभिमुख असून अगदी समुद्राकाठी आहे. येथे संपूर्ण टेकडीलाच प्रदक्षिणा घालतात; ती वाट सुमारे एक किलोमीटरची. अक्का सबंध वाट चालली. गुडघ्यांचा विषय कोणी काढला नाही.

देवस्थानामुळे या परिसरात शुद्ध शाकाहारी घरगुती खाणावळी भरपूर आहेत, आणि आपल्या दृष्टीने हीच येथली सर्वांत मोठी सोय. राज्य पर्यटन महामंडळाच्या ‘निवास-न्याहारी’ योजनेखाली नोंदवलेली घरेही आहेत. मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी दुसरीकडचा, सामान दुसरीकडचे. यादी तिसऱ्याच माणसाच्या हाती जाते. घरगुती ठिकाणी यादी जिच्या हाती जाते, तीच चुलीपाशी उभी असते. दहा-बारा माणसांच्या कुटुंबाने म्हणूनच घरगुती जागा निवडावी.

जवळच मालगुंड. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांचे हे जन्मगाव. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने येथे त्यांचे स्मारक उभारले आहे. त्यांचे जुने घर दुरुस्त करून जपले आहे आणि आवारात कवितांच्या ओळी कोरलेल्या आहेत. पर्यटक पुळ्याहून परस्पर परत फिरतात. त्यांनी अर्धा तास येथे द्यावा. जे लिखाण लिहिणाऱ्याच्या हयातीत फारसे विकले गेले नाही, त्याच्यासाठी गावाने स्मारक उभारले, ही गोष्ट नफ्यातोट्यात दिवस घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना क्षणभर थांबवते.

बारा वाजता काकूंच्या पडवीत पाने मांडली होती. केळीच्या पानावर गरम भात, वर साधे वरण, तूप, लिंबाची फोड. कच्च्या केळ्याची ओले खोबरे घातलेली भाजी : बटाट्याची जागा तिने इतकी सहज भरून काढली, की मुलांना शंकाही आली नाही. हिंग-मोहरीच्या फोडणीचे पडवळ. लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत. आमसुलाचे सार, लसणाऐवजी जिरे घातलेले. तांदळाची भाकरी. आणि शेवटी उकडीचे मोदक. अक्काने मोदक फोडून तूप ओतले आणि कितीतरी वेळ काही न बोलता खात राहिली. मग काकूंना विचारले, ‘उकड काढताना पाण्यात तूप घालता का तेल?’ स्वयंपाकाची चौकशी ही अक्काची दाद असते. दोघी पाऊण तास आत चुलीपाशी बसल्या.

कोकणी ताटात आपले काय

या प्रवासात मी एक टिपण केले, ते येथे देतो. आपापल्या नियमाप्रमाणे त्यात भर-घट करावी.

न्याहारीला घावन मागावेत, आंबोळी नव्हे. घावन ताज्या तांदळाच्या पिठाचे लगेच होतात. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवलेले असते. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी, आले-लसूण वगळून. सोलकढीत सर्वसाधारणपणे लसूण असतो, म्हणून ती आधी सांगून वेगळी करून घ्यावी. नुसत्या नारळाच्या दुधाची आणि आमसुलाची सोलकढी तितकीच चांगली लागते. कोकम सरबत निर्धोक. कुळथाच्या पिठल्याला लसणाची फोडणी असते, तिथे हिंगाची सांगावी. दह्याची कढी बेसन लावून करतात, तेव्हा द्विदल पाळणाऱ्यांनी तिच्याऐवजी आमसुलाचे सार मागावे. केळफुलाची भाजी ज्यांना चालते त्यांनी अवश्य खावी, मात्र त्यात काळे वाटाणे किंवा हरभरे भिजवून घालतात, त्यांना मोड आलेले नाहीत याची खात्री करावी.

मार्च-एप्रिलमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ चुकवू नये. मे महिन्यात हापूस. २०१८ मध्ये या भागातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून रत्नागिरीच्या नावाने काहीही विकणाऱ्यांना थोडा तरी पायबंद बसला आहे. आपल्याकडील अनेक कुटुंबे आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर, आंबा वर्ज्य करतात. कोकणातील बागायतदारही पावसाचे पाणी लागलेला आंबा उत्तम मानत नाही. दोन ठिकाणचे हिशेब येथे जुळतात. आंबापोळी, फणसपोळी परत नेण्यास सोयीची; पण ती उन्हात नीट वाळलेली आहे ना, ते पाहून घ्यावी.

तिसरा दिवस : पावस ते कशेळी

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे निघालो. भाट्याच्या पुलापलीकडे सुरूचे बन आणि कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र लागते. पुढे पावस. स्वामी स्वरूपानंदांचे (१९०३-१९७४) समाधिमंदिर येथे आहे. जागा शांत आणि नीटनेटकी. नंतर मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगडाचा छोटा किल्ला आणि पूल ओलांडला की गावखडीचा लांबलचक किनारा. पूर्णगडाची चढण सोपी आहे. तटावरून खाडी समुद्राला मिळताना दिसते.

या बाजूला खाण्याच्या सोयी विरळ आहेत, म्हणून शिदोरी बरोबर घेतली होती : दशम्या, सुकी चटणी, भाजके पोहे, केळी. अकरा वाजता गावखडीच्या सुरूंत बसून ती खाल्ली. कागद व केळीच्या साली पिशवीत घालून परत आणल्या.

पुढे कशेळी. येथील कनकादित्याचे मंदिर सूर्याचे आहे. कोकणातच नव्हे तर महाराष्ट्रातही सूर्यमंदिरे मोजकीच. लाकडी कोरीवकामाचा सभामंडप निवांत पाहण्यासारखा आहे. मला स्वतःला मोह पडला तो येथील ताम्रपटाचा. शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१, मध्ये कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसरा भोज याने हे गाव दान दिले. कारण, येथील ब्राह्मणांच्या भोजनाची कायमची व्यवस्था व्हावी. म्हणजे सव्वाआठशे वर्षांपूर्वी या गावाचा सारा महसूल एका ठरावीक, न चुकणाऱ्या जेवणासाठी लावून दिलेला होता. याच भोजाच्या राज्यात आजऱ्याला सोमदेव या जैन पंडिताने आपला व्याकरणग्रंथ सिद्ध केला. कोल्हापूरहून निघालेले आम्ही त्याच राजाच्या कागदापाशी येऊन पोहोचलो, हे पाहून अक्कालाही नवल वाटले.

कशेळीच्या सड्यावर आणखी एक पुरातन ठेवा आहे : कातळशिल्पे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. त्यात कोरलेली हत्तीची एक आकृती सुमारे १८ मीटर लांबीची आहे आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायी हिंडून अशी शेकडो शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत कोकणातील नऊ ठिकाणांचा समावेश झाला. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात आहेत. शिल्पांवर पाय ठेवू नये, छायाचित्रासाठी खडूने रेषा गडद करू नयेत. दुपारी हा कातळ तापतो. वृद्धांना घेऊन सकाळीच जावे. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. अक्का कडेला छत्री धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘एवढा मोठा हत्ती जमिनीवरून दिसतच नाही. कोरणाऱ्याने तो कोणासाठी कोरला?’

घरी परतलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. जेवण तयार होते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी

पहिली पैशाची. निघताना काकूंचा हिशेब देताना आमच्या एका पुतण्याने सवयीने म्हटले, ‘काकू, दहा माणसं आहोत, काही कमी करा.’ अक्का मध्येच बोलली, ‘साडेचारला दुसऱ्यांदा चूल पेटवली त्यांनी. दुपारची झोप मोडली. तू दुकान बंद झाल्यावर एका गिऱ्हाइकासाठी शटर उघडतोस, तेव्हा सूट देतोस का?’ पुतण्या हसला आणि पूर्ण पैसे दिले. माझा सल्ला असा, की अवेळी जेवण मागणाऱ्याने निम्मे पैसे आगाऊ पाठवावेत. शेवटच्या क्षणी बेत बदलला तर ते परत मागू नयेत. आपल्या समाजाचे नाव या गावांत कसे घेतले जाईल, ते अशा लहान हिशेबांवर ठरते.

दुसरी गोष्ट घरातली. ज्या सहलीत घरातील एक वडीलधारी व्यक्ती नियमाने राहते, त्या सहलीत संध्याकाळी सर्वांनीच तिच्याबरोबर जेवावे. तीन दिवसांत कोणाचेही काही बिघडत नाही. मुलांना रात्री भूक लागेल अशी माझ्या सुनेला भीती होती. प्रत्यक्षात ती दमून आठलाच झोपली.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ शेवटी सांगतो. काकूंच्या पडवीत साडेचारला पाने वाढली गेली. पाच वाजता अक्काने पाणी पिऊन मुख शुद्ध केले. परतताना आरे-वारेच्या टेकडीवर गाडी थांबवली. सूर्य पाण्याला टेकायला अजून अर्धा तास होता. शेजारी एका मोठ्या बसमधील मंडळी रात्री कुठे जेवायला मिळेल याची फोनवर चौकशी करत होती. आमच्यापुढे कोणतेच काम नव्हते. आम्ही दहाही जण कठड्याशी बसून सूर्य पूर्ण बुडेपर्यंत पाहत राहिलो.

अंधार पडू लागला तसे अक्काने माझ्याकडे वळून विचारले, ‘तो आंबा तू म्हणतोस तो, कधीपर्यंत असतो?’

‘मेअखेर भरपूर असतो,’ मी म्हणालो.

‘मग आर्द्रा लागायच्या आत एकदा येऊ,’ ती म्हणाली. ‘काकूंना आत्ताच सांगून ठेव.’